मापाची वही

टेप खोटं बोलत नाही.
माणूस बोलतं. मीही बोलले,
दर गुरुवारी, केजच्या स्टँडवर.
"कुठं निघालाव सत्वशीलाबाई?"
"अंबाजोगाईला. योगेश्वरीच्या दर्शनाला."
मग येताना बत्तासे घ्यावे लागायचे
गल्लीभर वाटायला.
त्या वर्षी गोळ्यांपेक्षा बत्ताशांवरच जास्त पैसे गेले.

कधी सुरू झालं, सांगता येत नाही.
एका रात्री डोळा लागेना म्हणून
मशीनवर बसले, पायडल मारत राहिले.
हिरव्या खणाचं ब्लाऊज होतं कुणाचं तरी.
उजाडल्यावर बघते तर
सुईत दोराच नव्हता.
बाहीवर, गळ्यावर, पाठीवर
नुसती भोकं, एका रांगेत,
टाका एकही नाही.

तसंच होतं ते.
दिवस चालायलाय, शिवण पडत नाही.

जाऊ म्हणली, "तुला काय कमी हाय?"
खरंच काही कमी नव्हतं.
नवरा पीत नाही, पोरगं नोकरीला लागलेलं,
फ्रीजमधी बर्फसुद्धा होतो.
सासूनं लिंबू उतरून टाकलं.
भाऊ म्हणला, चार दिवस माहेरी ये.
दळणाला मी लांबच्या रस्त्यानं जायला लागले होते,
मधल्या वाटेवर विहीर आहे म्हणून.
ते कुणी विचारलं नाही.

सतरा नंबरच्या खोलीसमोर लाकडी बाकडं.
तिथं पदर ओढून बसायची,
केसपेपरची घडी अशी की
विभागाचं नाव आत जावं.
एकदा शेजारी बुरखा येऊन बसला.
आतून नाव पुकारलं: नसीमा शेख.
मी बोटं बघितली, खडूनं चिरलेली.
उर्दू शाळेच्या मॅडम!
माझ्या वहीत पान बावीस.
छाती अडतीस. पुढच्या ईदला छत्तीस.
परवा चौतीस.
तीनदा आत घेतली होती मी त्यांची कमीज
आणि म्हणले होते,
"मॅडम, डायटिंग लई मनावर घेतलंय."
त्या हसल्या होत्या.
टेप माझ्याच हातात होता.

बाहेर आल्या. मला बघितलं.
दोघी एकदमच बोललो,
"गुडघा दुखतोय."
"शुगर वाढली."
मग असं हसू फुटलं
की शिपाई ओरडला, "इथं हसू नका."
कुठं हसावं मग?

डॉक्टरीण पोरसवदा, माझ्या भाचीएवढी.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं,
"झोप लागते का?"
तीन वर्षांत लोकांनी
चहा झाला का, जेवण झालं का, लाईट आली का,
सगळं विचारून झालं होतं.

बरी झाले का? माहीत नाही.
तोंड कोरडं पडतं गोळीनं.
काही दिवस अजूनही नुसती भोकं.
पण गाडीत आता दोन अर्धी तिकिटं.
मॅडम खिडकीला, मी कडेला.
कधी होळ येईपर्यंत एक शब्द नाही,
कधी होळपासून तोंडाला खीळ नाही.
एकदा कंडक्टर म्हणला,
"दर गुरुवारी काय असतं हो दवाखान्यात?"
मॅडम म्हणल्या, "दिमाग का इलाज."
तो गप.
मागच्या सीटपर्यंत जाऊन परत आला,
सुट्टे द्यायच्या निमित्तानं वाकला.
"नंबर किती वाजता लावावा लागतो?"

बत्तासे बंद केले मी.
वहीत एक रकाना वाढवला.
छाती, कंबर, बाही, खांदा, झोप.
बाया हसतात,
"ब्लाऊजला झोप कशाला लागती गं?"
काहीजणी हसत नाहीत.

काल मुळ्यांची नवी सून आली.
लग्नातलं ब्लाऊज,
दोन्हीकडनं दोन-दोन बोटं आत घ्यायचं.
झोपेच्या रकान्याला आले
तशी ती पत्र्याकडं बघत बसली.
मी पेन्सिल कानावर ठेवली, टेप गळ्यात टाकला.
काय कमी हाय, ते विचारलं नाही.
म्हणलं,
गुरुवारी सवा नऊची गाडी असती.
मॅडमला या खेपेला सुट्टी नाही.
एकटीला जायचं माझ्या जिवावर आलंय.
येतीस का सोबतीला?